सूनबाईचे जंत

आबांच्या रोपवाटिकेत एका गुन्ह्याला माफी नव्हती. कुणी पाणी घालायला विसरलं तर आबा चार शब्द बोलून मोकळे व्हायचे, कुणाच्या हातून कुंडी फुटली तर तुकडे स्वतः गोळा करायचे. पण बाहेरची माती बुटांना लावून कुणी थेट आत शिरलं, की त्यांचा आवाज मागच्या भिंतीपर्यंत जायचा. फाटकाशीच एक उथळ टाकी होती आणि शेजारी दांड्याचा ब्रश. गिऱ्हाईक कितीही मोठं असो, आधी बूट घासायचे, मग रोपं बघायची. “मुळांचे रोग स्वतःच्या पायांनी येत नाहीत, तुमच्या पायांनी येतात,” हे वाक्य आबा इतक्या वेळा बोलले होते, की त्यांची बायको माई आत भाजी चिरताचिरता ते त्यांच्याबरोबरच पुटपुटायची.

अशा माणसाच्या घरात सून आली ती जंत पाळणारी.

लग्न ठरलं तेव्हा मुलानं ही गोष्ट हप्त्याहप्त्यानं सांगितली. आधी म्हणाला, ती संशोधन करते. आबा खूश. मग म्हणाला, झाडांच्या मुळांवर. आबा इतके खूश झाले, की त्यांनी हाक मारून माईला बाहेर बोलावलं. मग मुलानं घसा साफ केला.

“म्हणजे मुळांत शिरणाऱ्या जंतांवर. सूत्रकृमी म्हणतात त्यांना.”

“ते टोमॅटोच्या मुळांना गाठी आणतात, ते?”

“तेच.”

“मग त्यांना मारायचं औषध शोधते का?”

“पुढंमागं तेही होईल. सध्या... वाढवते.”

माई खुर्चीत बसली आणि डोळ्यांतून पाणी येईपर्यंत हसली. “जन्मभर तुम्ही ज्यांच्या मुळावर उठलात,” ती म्हणाली, “त्यांना तुमची सून कुंडीत घालून जपतेय!”

सून प्रत्यक्ष घरात आली आणि आबांना ती आवडून गेली. ती पोटभर जेवायची, खळखळून हसायची, आणि ओंजळीत माती घेऊन नुसत्या वासावरून खत मुरलंय की नाही ते सांगायची. लॅबचे बूट ती लॅबमध्येच ठेवायची, कपडेही तिथेच बदलायची, आणि तरीही रोज संध्याकाळी फाटकाशी थांबून न सांगता बूट घासायची. आबा पडवीतून हे बघायचे आणि बघितलं नाही असं दाखवायचे. जेवताना जंतांचा विषय काढायचा नाही, असं कुणी न ठरवताच ठरून गेलं होतं. दोघांचं छान जमलं होतं.

मागच्या भिंतीलगत टोमॅटोचा एक लांब वाफा होता. तो विकण्यासाठी नव्हता, दाखवण्यासाठी होता. आबा टोमॅटोचा जो वाण विकायचे, त्याच्या मुळांना गाठी धरत नसत. जंत शिरायला बघायचे आणि उपाशी मरायचे. घरात त्या वाणाला ‘पहारेकरी’ म्हणत. त्याच्या रोपांसाठी लोक लांबून यायचे, आणि आबा त्यांना त्या वाफ्यापाशी नेऊन, एखादं झाड उपटून, मुळं झटकून दाखवायचे. धुतलेल्या दोऱ्यासारखी सरळ, पांढरी मुळं. पुढे बोलावंच लागायचं नाही.

थंडीच्या सुरुवातीला त्या वाफ्यातली काही झाडं दुपारची मान टाकू लागली. संध्याकाळी पुन्हा ताठ. पानांचा रंग उडालेला. आबांनी आधी पाणी वाढवलं, मग कमी केलं. शेवटी एका सकाळी त्यांनी कोपऱ्यातलं झाड उपटलं.

मूळ कसलं, आल्याचा गड्डा वाटावा असा झुपका वर आला. गाठीला गाठ चिकटलेली. असली मुळं त्यांनी दुसऱ्यांच्या मळ्यांत पाहिली होती, स्वतःच्या वाफ्यात कधीच नाही. त्यांनी शेजारचं झाड उपटलं. तेही तसंच. आबा तिथेच बांधावर बसले. आणि नको तो विचार, दार न वाजवता यावा तसा, मनात येऊन बसला. इतकी वर्षं इथं हे कधी झालं नाही. आणि सून घरात येऊन अजून वर्षही झालं नव्हतं.

उपटलेली झाडं त्यांनी गोणीत भरली, गोणीचं तोंड बांधलं आणि शेडमागे ठेवली. फाटकावर पाटी लावली, काही दिवस विक्री बंद. ट्रेमधली रोपं स्वच्छ दिसत होती, तरी त्यांतलं एकही कुणाला द्यायला त्यांचा हात होईना. मग माईला सांगितलं.

“तिला विचारा की,” माई म्हणाली.

“काय विचारू? तुझे जंत माझ्या वाफ्यात आले का, असं?”

“अगदी असंच. शब्दही बदलू नका.”

“तिला काय वाटेल?”

“आणि तुम्ही हे असं तोंड करून बसलात, तर तिला काही वाटणार नाही का?”

पण आबांना काही ते जमलं नाही. जेवायला बसले तरी ताटाकडे बघूनच जेवले. मुलानं पाटीबद्दल विचारलं, तेव्हा “ट्रे धुवायचेत” म्हणाले. सूनबाईनं एकदा त्यांच्याकडे आणि एकदा माईकडे बघितलं, आणि त्या दिवशी तिचं हसणं काही ऐकू आलं नाही.

दुसऱ्या दिवशी आबा शेडमागे गेले, तर गोणी उघडी. सूनबाई मातीतच उकिडवी बसली होती, हातात एक गाठाळलेलं मूळ, आणि चेहरा पार उतरलेला.

“आबा, हे कुठल्या वाफ्यातलं?”

“मागच्या.”

“पहारेकरी?”

आबांनी मान डोलावली.

तिनं हातातलं मूळ उलटसुलट करून पाहिलं. मग उठली आणि सरळ त्यांच्या डोळ्यांत बघत म्हणाली, “माझ्यामुळे झालं असेल. मी सगळी काळजी घेते, पण झालं असेल. कपड्याला, नखाला, केसाला काही चिकटून आलं असेल. तुम्हाला वाटलंच असेल ना तसं?”

आबांना खोटं बोलता येत नसे. “वाटलं,” ते म्हणाले.

“मलाही आत्ता तेच वाटलं.” तिनं मुळावरची माती अंगठ्यानं पुसली. “पण एक गोष्ट जुळत नाही. माझे जंत ह्या वाणाला घाबरतात. आमच्याकडे कित्येकदा लावून बघितलंय. माती खूप तापली तर हा पहारेकरी झोपतो, तेव्हा कुणीही आत शिरतं. पण आत्ता तर थंडी आहे. मला शोधू द्याल? ही माती हवी, आणि तुमची ट्रेमधली थोडी रोपं.”

“ने,” आबा म्हणाले. मग त्यांना ते फारच तुटक वाटलं, म्हणून ते आत गेले आणि सगळ्यांत चांगला ट्रे स्वतः उचलून तिच्या हातात दिला.

लॅबमध्ये तिनं काय केलं ते तिनं त्याच संध्याकाळी सगळ्यांना सांगितलं, कारण आता तो विषय टाळण्यात काही अर्थ उरला नव्हता. पहारेकऱ्याची रोपं तिनं वाफवून स्वच्छ केलेल्या मातीत लावली होती. अर्ध्या कुंड्यांत स्वतःचे जंत सोडले होते, अर्ध्यांत वाफ्यातल्या मातीतून काढलेले. शिवाय दोन्ही तऱ्हेचे जंत साध्या टोमॅटोवरही सोडले होते, म्हणजे ते मुळात धडधाकट आहेत की नाही ते कळावं. आता थांबायचं.

“किती?” आबांनी विचारलं.

“गाठी धरायला लागतील तेवढे दिवस. महिनाभर तरी.”

तो महिना वाटला होता तितका वाईट गेला नाही. जे बोलायचं ते बोलून झालं होतं, आणि घरात पुन्हा वारा खेळू लागला. मुलगा मधल्यामध्ये चेष्टा करायचा, “आबा, तुमचे जंत जिंकावेत की तिचे?” आणि माई म्हणायची, “जंतांत कसले आपले नि परके!” आबा मात्र रोज ट्रेमधलं एखादं रोप उचलून, डोळ्यांजवळ धरून मुळं बघायचे. मुळं पांढरीच होती. कुणी फाटकाशी आलं तर आबा बाहेरूनच हात जोडायचे, “थोडं थांबा, खात्री करून देतो.” काहींनी तोंड वाकडं केलं, पण बहुतेक जण थांबायला तयार झाले.

मग एके दिवशी सूनबाईचा फोन आला. “आबा, लॅबमध्ये येता का? मी सांगणार नाही. तुम्हीच बघा.”

आबा धुतलेला सदरा घालून गेले. लॅब म्हणजे काहीतरी चकचकीत असेल असं त्यांना वाटलं होतं. पण लांबट खोली, भिंतीला लागून ओटे, एका टोकाला काचेच्या खोलीत कुंड्यांच्या रांगा, आणि आत शिरताच ओल्या मातीचा वास. त्यांना एकदम घरी आल्यासारखं वाटलं. दारात पाय पुसायला ओलं जाड पायपुसणं होतं, त्याला औषधाचा वास येत होता. आबांनी पाय जरा जास्तच वेळ पुसले.

ओट्यावर पाण्यानं भरलेले पांढरे ट्रे होते आणि त्यांत धुतलेली मुळं पसरली होती. “हा साधा टोमॅटो,” ती म्हणाली, “ह्याच्यावर दोघांनीही गाठी केल्या. म्हणजे दोघेही तंदुरुस्त. आता इकडे बघा. हा तुमचा पहारेकरी, ह्यात माझे जंत सोडले होते.”

मुळं सरळ, पांढरी. आबांनी चष्मा वर करून, खाली करून बघितलं. एक गाठ नाही.

“आणि ह्यात तुमच्या वाफ्यातले.”

तिथं गाठीच गाठी होत्या. मुळांवर मणी ओवल्यासारख्या.

आबांनी दोन्ही ट्रे पुन्हा एकदा आळीपाळीनं बघितले. “म्हणजे तुझे नव्हेत.”

“माझे नव्हेत.” आणि मग ती हसली, तिचं ते खळखळून हसणं. आबांचा जीव भांड्यात पडला; जंतांमुळे जास्त की ह्या हसण्यामुळे, ते त्यांचं त्यांनाही सांगता आलं नसतं. “मी उगाच तुझ्यावर...” ते म्हणू लागले, तर ती म्हणाली, “आबा, मीही स्वतःवर तोच संशय घेतला होता. आता सोडा. बसा इथं. तुमचा जुना वैरी तुम्हाला दाखवते.”

तिनं त्यांना मायक्रोस्कोपपाशी बसवलं. आधी आबांना स्वतःच्या पापण्याच दिसल्या. मग एकदम गोल उजेडात काचेच्या धाग्यासारखा एक जीव वळवळताना दिसला. आरपार दिसणारा, नाजूक. ज्याच्याशी आयुष्यभर झुंजले, त्याला आबा पहिल्यांदाच बघत होते.

“तोंडाकडे बघा. सुई दिसते?”

दिसली. एक बारीकशी सुई, आतबाहेर होणारी.

“ती पोकळ आहे,” ती सांगू लागली. “मुळाच्या टोकातून हा आत शिरतो, पेशींच्या मधून वाट काढत जातो आणि मनासारखी जागा सापडली की तिथंच मुक्काम. मग सुई पेशीत टोचायची आणि लाळ सोडायची. सगळी करामत त्या लाळेत आहे. तिच्यात निरनिराळी प्रथिनं असतात. काही भिंती मऊ करतात. काही झाडाची आरडाओरड दाबून टाकतात. आणि काही पेशीच्या आत जाऊन तिचा कारभारच बदलतात. ती पेशी वाढत जाते, दुप्पट, चौपट, शेकडो पट, आणि ह्याला जेवण पुरवत राहते. मग हा हलतसुद्धा नाही. बसल्या जागी खाऊन फुगतो, अगदी पेरूसारखा. अशी फुगते ती मादी, आणि ती तिथंच अंडी घालते.”

“म्हणजे हा मूळ कुरतडत नाही?”

“नाही ना! तो झाडाकडूनच करवून घेतो सगळं.”

“भलताच गोडबोल्या आहे,” आबा म्हणाले, डोळा न काढता. “मी इतकी वर्षं ह्याला दांडगा समजत होतो. मग पहारेकरी काय करतो?”

“तो लाळ ओळखतो. त्याच्या पेशींत एक राखणदार प्रथिन आहे. परकी लाळ आल्याचं कळलं, की तिथल्या पेशी स्वतःच मरून जातात. जंताच्या पुढचं ताटच काढून घेतात म्हणा ना. माझ्या जंतांचं तसं झालं. तुमचे जंत मात्र ओळखूच आले नाहीत. ह्यांच्या लाळेत काहीतरी बदललंय.” तिनं स्टूल जवळ ओढलं. “आबा, असे जंत एका दिवसात तयार होत नाहीत. जिथं वर्षानुवर्षं त्याच मातीत हाच वाण लावला जातो, तिथं हळूहळू असे निसटणारे तेवढे उरतात. तुमच्याकडे तर तुम्ही माती बदलता. त्या वाफ्यात ह्या वर्षी नवीन काय आलं होतं?”

आबांनी मायक्रोस्कोपवरून डोळा काढला. त्यांचा चेहरा बघण्यासारखा झाला होता.

“पेट्या,” ते म्हणाले.

काचवाला हा आबांचा जुना मित्र. त्याचं मोठं काचघर होतं आणि त्यात तो एकच पीक घ्यायचा, टोमॅटो. आणि एकच वाण, आबांनीच दिलेला. त्या वर्षी त्यानं काम थांबवलं, तेव्हा आठवण म्हणून चांगल्या लाकडाच्या लांब पेट्या आबांना दिल्या. कोपऱ्यांत जुनी माती चिकटलेली होती. पण मित्राची वस्तू, प्रेमानं दिलेली. आबांनी त्या तशाच आणून वाफ्याच्या कडेला मांडल्या आणि वर नवी माती भरली.

“मी त्या धुतल्या नाहीत,” आबा म्हणाले. “लोकांना बूट घासायला लावणारा मी, मीच त्या धुतल्या नाहीत.”

सूनबाईनं ओठ दाबून धरले, पण फार वेळ धरता आले नाहीत. शेजारच्या ओट्यावरच्या तिच्या मोठ्या बाई, लॅबच्या प्रमुख, मान वर करून बघू लागल्या, कारण सासरा आणि सून दोघंही मायक्रोस्कोपला धरून हसत होती.

घरी आबांनी सगळं स्वतःच सांगितलं, काही न लपवता, उलट जरा तिखटमीठ लावून. माई पुढे निदान महिनाभर तरी त्यांना पेट्यांवरून सोडणार नव्हती, हे उघड होतं. दुसऱ्या दिवशी ते सूनबाईला घेऊन काचवाल्याकडे गेले. तो आधी ओशाळला. गेली काही वर्षं पीक उतरत चाललं होतं, माती दमली असेल असंच त्याला वाटत होतं. मग सूनबाईनं ओंजळभर माती मागितली, तेव्हा तो फावडंच घेऊन आला. “पोतंभर न्या,” म्हणाला, “कुणाला तरी तिचा उपयोग होऊ दे.”

आबांनी वाफा रिकामा केला. झाडं मुळांसकट जाळली, पेट्या उकळत्या पाण्यानं धुऊन उन्हात उलथ्या टाकल्या, आणि त्या जागी झेंडू लावला. झेंडूच्या मुळांत जंतांचं फारसं चालत नाही. ट्रेमधली रोपं सूनबाईनं लॅबमध्ये तपासून दिली. ती निर्मळ निघाली. फाटकावरची पाटी उतरली. आणि रोपांबरोबर आबा आता एक जादा वाक्यही देऊ लागले, “दरवर्षी हाच वाण एकाच मातीत लावू नका, आलटून-पालटून लावा.”

लॅबमधलं काम मात्र आता कुठं सुरू झालं होतं. काचवाल्याच्या मातीतले आणि वाफ्यातले जंत एकाच घराण्यातले निघाले. सूनबाईनं त्यांची लाळ आणि स्वतःच्या जंतांची लाळ ताडून बघितली. एक प्रथिन तिच्या जंतांत होतं, ह्यांच्यात जवळजवळ नव्हतंच. हेच प्रथिन राखणदार ओळखत असेल का? ते तपासायला तिनं उलटा डाव टाकला. स्वतःच्या जंतांना तिनं अशा द्रावात भिजवून ठेवलं, की त्यांना ते एक प्रथिन काही काळ बनवताच येऊ नये. मग त्यांना पहारेकऱ्यावर सोडलं. तिचा अंदाज खरा असेल, तर जे जंत आजवर उपाशी मरत होते, ते आता आत शिरून जेवायला बसतील.

आबांना हे इतकं पटलं, की रोज संध्याकाळी ती फाटकातून आत येताच ते विचारायचे, “काही आलं का?” आणि ती नाही म्हणून मान हलवायची. जेवताना आता दुसरा विषयच नसे. मुलगा एकदा म्हणाला, “मी आज दिवसभर काय केलं, हे कुणाला विचारायचंय का?” तर माई म्हणाली, “तुझ्या मुळांना गाठी आल्या की विचारू.”

एका दुपारी आबा झारी घेऊन रोपांना पाणी देत होते, तर सूनबाई वेळेआधीच घरी आली. तिनं फाटकाशीच ओरडून सांगितलं, “आबा, आल्या! थोड्याच आहेत, बारीक आहेत, पण आल्या! पहारेकऱ्याच्या मुळांवर, माझ्या जंतांच्या गाठी!”

मुळांना गाठी आल्या म्हणून आबांना आनंद होण्याची ही पहिलीच वेळ. त्यांनी झारी खाली ठेवली आणि “माई, अगं माई, गाठी आल्या!” अशी हाक दिली. रोपं निवडायला आलेलं एक गिऱ्हाईक दचकून हातातला ट्रे ठेवू लागलं. त्याला बाकावर बसवून आबांना सगळं पहिल्यापासून सांगावं लागलं, आणि त्यांना तेच हवं होतं.

वाफ्यात सापडलेल्या जंतांच्या वाणाला लॅबमध्ये काहीतरी नाव द्यायचं होतं. जिथून मिळाले तिथलं नाव द्यायची पद्धत असते, असं सूनबाई म्हणाली, आणि मोठ्या बाईंनी तर कुंड्यांवर ‘आबा’ अशी चिठ्ठी लावूनही टाकली होती.

“जंतांना माझं नाव?” आबा कडाडले.

“नको असेल तर बदलू.”

“काचवाल्याचं द्या. त्याच्याकडचेच आहेत.”

“त्यांना विचारलं मी. ते म्हणाले, मान आबांचाच.”

आबा दोन दिवस कुरकुरले. तिसऱ्या दिवशी कुणा गिऱ्हाइकाशी बोलताना त्यांनी सहज, अगदी सहज, सांगून टाकलं, की लॅबमध्ये त्यांच्या नावाचे जंत आहेत. तेही साधेसुधे नव्हेत, भल्याभल्यांना हुलकावणी देणारे.

मोठ्या बाईही कधी भेटल्या की म्हणायच्या, “तुमचे मजेत आहेत हं,” आणि आबा मान डोलवून म्हणायचे, “उपाशी ठेवू नका त्यांना.”

ऊन वाढायच्या आधी झेंडूचा वाफा फुलून आला. आबा एका तरुण जोडप्याला रोपं बांधून देत होते आणि लाळेची सगळी हकीकत रंगवून सांगत होते. जंत कसा सुई टोचतो, झाडाला कसा पटवतो, राखणदार कसा ओळखतो आणि त्यातूनही एखादा वेष बदलून कसा निसटतो. “आणि ते एकच प्रथिन आहे बरं का,” आबा म्हणाले, “सगळा खेळ त्या एकाचाच.”

“आबा,” मागून सूनबाई म्हणाली. ती सुट्टीच्या दिवशी ट्रे धुवायला बसली होती, कोपरापर्यंत हात ओले. “तेवढं सिद्ध झालेलं नाही अजून. आणखीही असतील.”

“ऐकलंत?” आबा त्या जोडप्याला म्हणाले. “आणखीही असतील. म्हणजे काम भरपूर आहे तिला.” आणि त्यांनी रोपांची मुळं ओल्या कापडात हलक्या हातानं गुंडाळून दिली.